गँगस्टरच्या बायकोला खरंच काही ठाऊक नसतं का?

अमळनेरची_वहिनी

नमस्कार मंडळी. आमची बायकांची भिशी असते, महिन्याच्या शेवटच्या शनिवारी. चिठ्ठी निघाली की खाणं, आणि खाणं झालं की एक सिनेमा, असा पायंडा पडलाय. गेल्या वेळी पाळी माझ्याकडे होती. भरीत-पुरी केली आणि 'वास्तव' लावला. सगळ्यांनी पूर्वी पाहिलेला, तरी शेवटी रीमा लागू पिस्तूल उचलते तिथे सगळ्या गप्प झाल्या. टीव्ही बंद केला आणि जुंपली.

सासूबाई म्हणाल्या, त्या माउलीनं केलं ते बरोबर केलं, पोटचा गोळा असला म्हणून काय झालं. जाऊबाई म्हणाल्या, पण मग आधी काय करत होती ती? पोरगा पन्नास तोळ्यांची साखळी मिरवतो तेव्हा हिला कळलं नाही का, की पावभाजीच्या गाडीवर एवढं सोनं होत नाही? शेजारच्या ताईंचं तिसरंच. बाईला कोणी काही सांगतं का? आपल्याला तरी नवऱ्याचा पगार नक्की किती ते ठाऊक आहे का? (यावर दोघी-तिघींनी माना डोलावल्या, ते असो.)

तर विचारायचं ते असं. गुन्हेगारी घराण्यांवर एवढे सिनेमे निघाले, आपल्याकडचे आणि बाहेरचेही. त्यातल्या आया-बायका-बहिणींना खरंच काही माहीत नसतं, की असून नसल्यासारखं करतात? आणि कोणत्या सिनेमात हे पटेल असं दाखवलंय? पुढची भिशी जाऊबाईंकडे आहे. मारामारी जरा कमी असलेला सांगा, सासूबाई डोळे मिटून घेतात आणि मग सारखं 'काय झालं, काय झालं' विचारतात.

भुसावळ_डाउन_लाइन

वहिनी, एवढं डोकं लावण्यासारखं त्यात काय आहे? असल्या सिनेमात बाईला तीनच कामं. आई असेल तर देवापुढे रडायचं, बायको असेल तर 'हे सगळं सोडून द्या' म्हणायचं, आणि दोन्ही नसेल तर बारमध्ये नाचायचं.

'दीवार' लावा. १९७५ चा आहे, पण निरूपा रॉयच्या पुढे अजून कोणी गेलेलं नाही. जिथे तिनं मजुरी केली, विटा वाहिल्या, ती इमारत पोरगा तिच्यासाठी विकत घेतो. आणि पैसा कसला आहे ते कळल्यावर माउली धाकट्याला घेऊन चालती होते. कळलं की उठायचं. विषय संपला.

सराफबाजार_जळगाव

भाऊ, 'उठायचं' म्हणता ते ठीक, पण त्या माउलीकडे धाकटा होता, कमावता आणि वर पोलीस खात्यात. उठून जायला घर होतं. ते नसतं तर सिनेमा तिथेच अडला असता.

वहिनी, मी सुभाष चौकाजवळच्या एका पेढीवर काउंटरला बसते. नोकरीला लागले तेव्हा हॉलमार्क म्हणजे काय ते गिऱ्हाइकाला समजावून सांगावं लागायचं, आता गिऱ्हाईकच मला एचयूआयडी नंबर, म्हणजे दागिन्यावरचा ओळख क्रमांक, विचारतं. तेव्हा माझी नजर आधी सोन्याकडे जाते आणि मग माणसाकडे. सिनेमा बघतानाही तसंच. माझं म्हणणं एवढंच, की असल्या सिनेमात बाई काय बोलते ते सोडा, कारण ते संवाद लिहिणारे बहुतेक पुरुष. तिच्या हातात पैसा कसा येतो आणि आल्यावर ती त्याचं काय करते ते बघा. तिला किती ठाऊक आहे ते तिथे दिसतं.

'गॉडफादर' घ्या, १९७२ चा. सुरुवातच लग्नानं. नवरी म्हणजे डॉनची मुलगी कॉनी, तिच्याकडे रेशमी बटवा, त्यात पाहुण्यांनी दिलेली पाकिटं. आपल्याकडे आहेर लिहून घ्यायला वही घेऊन एखादा काका बसतो, इथे बटवा नवरीच्याच हातात. टोळीतला एक जण लांबूनच अंदाज बांधतो की आत वीस-तीस हजार डॉलर रोख असतील. आता मला सांगा, ती पाकिटं कोण देतंय आणि कशापायी देतंय, हे त्या घरात वाढलेल्या मुलीला ठाऊक नसेल?

त्याच सिनेमाचा शेवट सगळे डोक्यावर घेतात. डॉनचा मुलगा मायकेल, त्याची बायको 'के' त्याला विचारते, तू मेहुण्याला, म्हणजे कॉनीच्या नवऱ्याला, मारलंस का, तो तोंडावर 'नाही' म्हणतो, आणि मग तिच्यासमोर दार लावलं जातं. बिचारी 'के', तिला अंधारात ठेवलं, वगैरे. मला हे कधीच पटलं नाही. कॉनीच्याच लग्नात मायकेल तिला शेजारी बसवून सांगतो, की माझ्या वडिलांनी एका गायकाचा करार सोडवायला बँडमास्तरच्या डोक्याला आपल्या माणसाकरवी पिस्तूल लावलं होतं. वर म्हणतो, हे माझं घराणं, मी तसा नाही. म्हणजे लग्नाच्या कितीतरी आधी, सिनेमा नुकता सुरू झालेला असताना, तिला सगळं सांगून झालंय. तरी ती लग्न करते. दार तिच्यासमोर बंद होतं हे खरं, पण आत काय चाललंय ते तिला माहीत नाही असं नाही.

याहून खरा मला 'गुडफेलाज' वाटतो, १९९० चा, मार्टिन स्कॉर्सेसीचा. खऱ्या माणसांवरचा आहे. यात हेन्री हिलची बायको कॅरन स्वतः आपली गोष्ट सांगते. अर्धा सिनेमा नवऱ्याच्या आवाजात आणि मध्येमध्ये तिच्या. लग्नाआधी शेजारचा एक मुलगा तिच्या अंगचटीला येतो. हेन्री जाऊन त्याला पिस्तुलाच्या दस्त्यानं बडवतो आणि ते रक्ताळलेलं पिस्तूल तिच्याच हातात देतो, लपव म्हणून. आणि ती आपल्याला सांगते, की दुसरी असती तर तिथूनच पळाली असती, मला मात्र ते आवडलं. हे बोलायची हिंमत आपल्याकडच्या किती नायिकांना दिली गेलीय?

पण माझा आवडता प्रसंग अगदी छोटा. कॅरनला खरेदीला जायचंय, पैसे हवेत. नवरा विचारतो किती. ती आकडा सांगत नाही. अंगठा आणि बोट यांच्यात अंतर धरून दाखवते, एवढे. नोटांची जाडी! ज्या घरात महिन्याचा पगार येतो तिथली बाई आकडा सांगते. 'एवढे' कोण म्हणेल? जिला ठाऊक आहे की या पैशाला ना हिशोब, ना पावती, आणि उद्याचा भरवसाही नाही.

आता आमच्या पेढीवरचं सांगते. गाव-नाव विचारू नका. एका बाईच्या नवऱ्याचे गिरणेच्या पात्रात डंपर चालायचे, रात्रीचे. वाळूचं काय असतं ते खान्देशात सांगायला नको. बाई डोक्यावर पदर घेऊन यायची, जाऊ आणि सासू बरोबर. पहिल्यांदा मी तिला तोडे दाखवले, नक्षीच्या पाटल्या दाखवल्या. तिनं हातात घेतल्या, वजन विचारलं, मजुरी विचारली आणि खाली ठेवल्या. 'वेढणी दाखवा.' साधी वेढ्याची अंगठी, शुद्ध सोन्याची, मजुरी नावापुरती. मोडायला आणली तरी घट जवळपास नाहीच. मी काट्यावर वेढणी ठेवली तर काट्याची काच तिनंच खाली ओढली, वरचा पंखा चालू होता म्हणून. बिल दोन लाखांवर जायला लागलं. २०१६ पासून त्याला पॅन लागतं. मालकांनी मागितलं. बाईनं विचारसुद्धा केला नाही, पर्समधून सासूचं पॅन कार्ड काढून पुढे केलं. सासू काही बोलली नाही. तिला ते पाठ असावं.

पुढे नवरा आत गेला. बाई मोड घेऊन आली. सगळी बिलं प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये, तारखेप्रमाणे लावलेली. मालक म्हणाले, बिल ज्यांच्या नावावर त्यांना आणा. खाली रिक्षात सासू बसलेलीच होती.

तिच्या तोंडून नवऱ्याच्या धंद्याबद्दल मी एक अवाक्षर ऐकलेलं नाही. कोणी विचारलं असतं तर 'मला काय ठाऊक, मी घरात असते' म्हणाली असती. पण जिला आपल्या घरातल्या पैशाचा भरवसा असतो ती नक्षी घेते. ही वेढणी घेत होती.

म्हणून 'सोप्रानोज'मधली कार्मेला मला अगदी ओळखीची वाटली. सिनेमा नाही तो, मालिका आहे अमेरिकेतली, १९९९ ते २००७. नवरा टोळीचा म्होरक्या. पाखरांच्या दाण्याच्या डब्यात तो रोकड लपवतो. बाई तिथून चाळीस हजार डॉलर उचलते आणि वेगवेगळ्या दलालांकडे थोडेथोडे गुंतवते, प्रत्येक ठिकाणी दहा हजारांच्या आत. का? तिकडे रोख दहा हजारांच्या वर गेली की सरकारला कळवावं लागतं. तो भाग बघताना मला सासूचं पॅन कार्ड आठवलं आणि एकटीच हसले.

'वास्तव'बद्दल जाऊबाईंचं बरोबर आहे. तो साखळी दाखवतो आणि पन्नास तोळे म्हणतो, तिथे घरातल्या एकाही बाईनं ती हातात घेऊन विचारलं नाही की बिल कुठंय. लाखोंची वस्तू आहे हो ती.

काळा_कोट_धुळे

पेढीवरच्या ताईंनी नाडी बरोबर पकडली. कायद्यानंही तीच पकडलीय. मकोका, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा, १९९९ चा, 'वास्तव' आला त्याच वर्षीचा. त्याचं कलम ४ वाचा. टोळीतल्या माणसाच्या वतीनं मालमत्ता बाळगली आणि तिचा समाधानकारक खुलासा देता आला नाही, तर किमान तीन आणि जास्तीत जास्त दहा वर्षं, दंड किमान एक लाख, शिवाय मालमत्ता जप्त होऊ शकते. कलमात 'बायको' असा शब्द नाही. पण सातबारा, फ्लॅट, लॉकर हे सगळं साधारण कोणाच्या नावावर असतं ते तुम्हीच सांगा.

कोर्टात पहिलं वाक्य ठरलेलं, 'साहेब, यांनी सही करायला सांगितली, मी केली.' सरकारी वकील हसतात. पण पुष्कळदा ते खरंही असतं, हेही लिहून ठेवा. ट्रॅक्टरच्या बॉनेटवर कागद ठेवून सह्या घेतलेल्या बाया मी पाहिल्यात. काय लिहिलंय ते वाचू दिलेलं नसतं, आणि वाचू दिलं असतं तरी नाही म्हणायची सोय नसते.

'गुडफेलाज'मध्ये या वाक्यावर एक प्रसंग आहेच. शेवटी नवरा-बायको सरकारी साक्षीदार व्हायला बसलेत. कॅरन म्हणते, मी काय केलंय, मला काही माहीत नाही. समोरचा वकील तिला सरळ सांगतो, की बाई, भोळेपणाचं सोंग नको, फोनच्या टेपांमध्ये तुझाच आवाज आहे, कोकेनबद्दल बोलताना. गंमत अशी, की तो वकील म्हणजे नट नाही. खऱ्या खटल्यातला एडवर्ड मॅकडोनाल्डच सिनेमात स्वतःची भूमिका करतोय.

आणखी एक. नवरा-बायको एकमेकांशी जे बोलतात ते कोर्टात उघड करायला एरवी त्यांना भाग पाडता येत नाही. इंग्रजांच्या १८७२ च्या पुरावा कायद्यात हे होतं, नव्या साक्ष अधिनियमातही आहे. म्हणजे घरात बोलणं होतच असतं, हे कायदा दीडशे वर्षांपासून धरून चाललाय. सिनेमावाल्यांनाच अजून बायको अडाणी हवी असते.

तापीकाठ_शिरपूर

सगळे 'ठाऊक होतं की नव्हतं' यावरच अडलेत. ठाऊक होतं. पुढे?

आमच्या गल्लीत सट्टा घेणाऱ्या एकाची बायको होती. दळणाच्या रांगेत मागे-पुढे असायचो. एकदा तिला कोणीतरी टोचून बोललं तर म्हणाली, 'माले सर्व माहीत शे, पन बोलू कोनले?' आणि डबा उचलून गेली. माहेर तिकडे नंदुरबारकडे, तिथे तीन भावजया. पोलिसात जावं तर हप्ता तिथेच जायचा, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक? पेढीवरच्या ताई, तुमच्या बाईकडे निदान वेढणी होती. हिच्या नवऱ्याचे पैसे येत आणि जात, तिच्या हाताला काही लागत नसे.

बोललेल्यांचं काय होतं ते बघायचं तर इटलीतले दोन सिनेमे आहेत, दोन्ही घडलेल्या गोष्टींवर. एक 'लेआ', २०१५ चा. लेआ गारोफालो ही कालाब्रियाची, तिथल्या 'न्द्रांगेता नावाच्या टोळ्यांच्या घराण्यात जन्मलेली आणि तसल्याच माणसाबरोबर संसार केलेली. मुलीला यातून बाहेर काढायचं म्हणून ती सरकारला सगळं सांगते. नंतर संरक्षण सोडून देते. नोव्हेंबर २००९ मध्ये मिलानमध्ये तिला त्यानंच मारवलं, मुलीच्या बापानं. पण त्या मुलीनं, डेनिझनं, बापाविरुद्ध साक्ष दिली आणि त्याला जन्मठेप झाली. लेआच्या अंत्ययात्रेला मिलानमध्ये हजारो माणसं आली होती.

दुसरा सिसिलीचा, रीता आत्रियावर बेतलेला, २००८ चा. बाप आणि भाऊ दोघेही माफियात, दोघेही मारले गेलेले. ही सतरा वर्षांची पोरगी माफियाविरुद्ध लढणारे सरकारी वकील बोर्सेलिनो यांच्याकडे जाऊन सगळी नावं सांगते. १९ जुलै १९९२ ला बोर्सेलिनो बॉम्बस्फोटात गेले, आणि आठवड्यानं रीतानं जीव दिला. तिच्या आईनं काय करावं? थडग्यावरचा दगड हातोडीनं फोडला. पोरीनं घराण्याची नावं सांगितली म्हणून.

भुसावळच्या भाऊंना विचारते, ही आई तुमच्या तीन कामांपैकी कशात बसते? आपल्या सिनेमात आई म्हटली की ती न्यायाच्या बाजूची, 'दीवार'पासून 'वास्तव'पर्यंत, त्याआधी 'मदर इंडिया'पासूनच. घराण्याच्या बाजूनं उभी राहणारी आई दाखवायला आपल्याला जड जातं. 'गँग्ज ऑफ वासेपुर'मधली नगमा थोडी तशी आहे. नवरा बाहेर शेण खातो हे माहीत असून ती त्याला बजावून जेवू घालते, की ताकद येऊ दे, बाहेर जाऊन आमची अब्रू घालवू नको. लोक थेटरात हसतात. मला तिथे हसू आलं नाही.

कार्मेलाचा विषय निघालाच आहे म्हणून. ती एका म्हाताऱ्या मानसोपचारतज्ज्ञाकडे जाते. तो तिला म्हणतो, मुलांना घे आणि निघ, आणि तुझी फीसुद्धा मला नको, तो पैसा रक्ताचा आहे. मग नंतर असं म्हणू नकोस की मला कोणी सांगितलं नव्हतं. ती ऐकून घरी येते. घरीच राहते. तिच्याकडे तर मोठा बंगला, शिकलेली, इंग्रजी बोलणारी बाई. दळणाच्या रांगेतलीनं काय करावं मग?

भुसावळ_डाउन_लाइन

थडगं फोडणारी आई म्हणजे जास्तच झालं. आपल्याकडे असं होत नाही.

तापीकाठ_शिरपूर

होत नाही की दाखवत नाहीत, भाऊ?

सराफबाजार_जळगाव

शिरपूरच्या ताई, तुमचं खरं आहे. जिच्या हाताला सोनं लागतं तिचीच गोष्ट मला दिसते, बाकीच्या आमच्या पायरीपर्यंत येतच नाहीत.

वहिनी, भिशीसाठी विचाराल तर 'गॉडमदर' लावा. हिंदी आहे, सासूबाईंना वाचायचा त्रास नाही. १९९९ चाच. पोरबंदरच्या संतोकबेन जाडेजांच्या आयुष्यावर बेतलेला, शबाना आझमीला त्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळालाय. नवरा मारला जातो आणि बाई टोळी, राजकारण सगळं हातात घेते. इथे 'ठाऊक होतं का' हा प्रश्नच उरत नाही. घरात बसून जे पाहिलं ते सगळं ती वापरते, आणि मुलालाही तेच शिकवून बसते. मारामारी आहे, पण सासूबाई डोळे मिटतील इतकी नाही.

अमळनेरची_वहिनी

'गॉडमदर' ठरला. 'गुडफेलाज' मी एकटीच बघणार आहे, मुलं झोपल्यावर.

जाऊबाईंना हे सगळं वाचून दाखवलं. मला वाटलं, जिंकले म्हणून खूश होतील. त्या वेगळ्याच काळजीत पडल्या. म्हणाल्या, वकील साहेबांना विचार, माझ्या नावावर पारोळा रोडला एक प्लॉट आहे, सही कधी केली ते आठवत नाही. (भाऊजींचं धान्याचं दुकान आहे, तसलं काही नाही, आधीच सांगते!)

काळा_कोट_धुळे

धान्याच्या दुकानाला मकोका लागत नाही, निर्धास्त राहा. पण खरेदीखताची नक्कल दुय्यम निबंधकाकडून काढून घ्यायला सांगा आणि पैसे कोणत्या खात्यातून गेले ते बघायला सांगा. भाऊजींना विचारून नाही, आधी कागद काढून.